कारणाचा रकाना

फॉर्मवर एक रकाना आहे : घरीच का?
दीड इंच जागा.

रात्रीचे अडीच. हॅलिफॅक्सचा चढ, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये,
डिकीत गॅसचे दोन सिलिंडर, वजनकाटा,
नाळेचे चिमटे,
आणि लेकीचे फुटबॉलचे चिखलाचे बूट.
रस्त्यावर मीठ टाकलंय.
मिरजेच्या माणसाला अजून गंमत वाटते,
रस्त्याला मीठ!

टॅमसिननं दार स्वतःच उघडलं
आणि चौकट धरून उभी राहिली,
कळ ओसरेपर्यंत मला उंबऱ्याबाहेर ठेवून.
मी थांबले.
घर तिचं.

पहिल्या खेपेला, ती मला सांगत होती सहाव्या महिन्यात,
खोलीत सात माणसं येऊन गेली,
नाव एकानंच सांगितलं, तो भूल देणारा.
फुन्मीच्या आईला व्हिसा मिळाला नाही.
आई नाही तर निदान तिच्या रश्श्याचा वास तरी
असू दे घरात, म्हणाली.
याला आपल्याकडे शब्द आहे, माहेर.
इंग्रजीत कसा लिहू?
नसरीनचा नवरा रात्रपाळीला टॅक्सीवर,
आधीची दोन पोरं कुणाकडे ठेवायची?
तिनं घर निवडलं नव्हतं,
तिला दाराबाहेर पडता येत नव्हतं.
आणि एक होती, तिची कुत्री म्हातारी होती,
एकटी राहत नसे. एवढंच.

सगळ्यांपुढे मी लिहिते : वैयक्तिक निवड.

नसरीनला शेवटी मीच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं.
बाळाचे ठोके उतरत होते.
स्ट्रेचरवरून तिनं माझी बाही सोडली नाही,
शिवण उसवली.
दोघं वाचली, दवाखान्यामुळेच वाचली.
दवाखान्याशी माझं भांडण नाही,
पगार तिथूनच येतो.

टॅमसिन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
कपाळ कठड्याला टेकून.
दिवे नकोत म्हणाली, फक्त माशांच्या टाकीचा उजेड.
दर पंधरा मिनिटांनी मी ठोके ऐकते
आणि मधल्या वेळात काही करत नाही.
हे काही न करणं
मला फार उशिरा जमलं.

सत्याण्णव साल. सोलापूर, सिव्हिल.
एका रात्रीत अकरा बाळंतपणं,
दोन खाटांवर चार बाया, आणि मी तेवीस वर्षांची,
संध्याकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.
हे सांगते ते कारण म्हणून नाही.
नाही, कारण म्हणूनच सांगते.
एक जण ओरडत होती. मी तिच्या मांडीवर चापट मारली
आणि म्हणाले ते, जे तिथं सगळ्याच म्हणायच्या :
तेव्हा नाही ओरडलीस ती?
आया हसली. मीही हसले.
ती गप्प झाली.
इतकी गप्प, की पुढचं सगळं
तिच्याशिवायच झाल्यासारखं झालं.
मुलगा. केसपेपरवर : नॉर्मल.
तिचं नाव आठवत नाही.
पायात एकच जोडवं होतं,
दुसऱ्या पायातलं सुजेमुळे कापून काढलेलं.

तिनं पुढचं मूल कुठं जन्माला घातलं असेल?
मला वाटतं, मला माहीत आहे.

डोरीन आली, दुसरी सुईण, बर्फ झटकत.
पाच वाजायला दहा कमी. मुलगी.
वार पूर्ण पडली. टाका नाही.
क्रेग टोस्ट करतोय, करपलेला वास,
वरच्या खोलीत थोरला अजून झोपलेला.

सॉरी, टॅमसिन म्हणाली, फार ओरडले ना मी?
इथल्या बायका सगळ्यालाच सॉरी म्हणतात,
धक्का आपण मारला तरी.
मी कोमट पाण्यानं तिची मांडी पुसत होते.
हात तिथंच थांबला.
ओरडलीस ते बरं केलंस, असं काहीतरी म्हणायचं होतं,
मराठीतच आलं तोंडात,
आणि गिळलं.

वजन करायचं राहिलं होतं.
तीन किलो चारशे.